बाकावरचा रनिंग बॅक

मैदानात धावणाऱ्याच्या अंगावर वळ साठतात आणि बाकावर बसणाऱ्याकडे किस्से! जर्मनीत, इंगोलश्टाटच्या एका छोट्या क्लबात मी चार सीझन अमेरिकन फुटबॉल खेळलो. खेळलो म्हणजे, राखीव रनिंग बॅक होतो. रनिंग बॅकने चेंडू छातीशी धरून धावायचं आणि राखीवाने त्याला काही होतंय का, ते बघत बसायचं. मॅचमध्ये एकदा तरी चेंडू माझ्या हातात यावा, एवढंच मला हवं होतं.

*

पहिली प्रॅक्टिस. मी नागपूरला शाळेत कबड्डी खेळलेला. डीटर आमचा कोच. त्याने चेंडू दिला, मी सुसाट सुटलो, समोरच्या दोघांना हात लावला आणि वळून थेट आपल्या बाजूला परत आलो! दोघं आउट म्हणून खुशीत उभा राहिलो.

डीटर म्हणाला, "गेनाऊ. अगदी असंच. फक्त परत येऊ नकोस!"

*

मार्कुस मुख्य रनिंग बॅक. कधी म्हणून आजारी पडायचा नाही. मला त्याचा राग यायचा, पण माणूस इतका गोड की रागही धड टिकायचा नाही.

एकदा तो बाकाजवळ येऊन सलग चारदा शिंकला. मी लगेच हेल्मेट चढवलं!

"पोलनची ॲलर्जी आहे," तो म्हणाला. "बस खाली."

*

जर्मन क्लब म्हटला की प्रत्येकाला ड्यूटी आलीच. माझ्याकडे खाण्याचा स्टॉल होता. बायको, स्मिता, बटाटेवडे करून द्यायची आणि मॅच सोडून लोक रांगेत उभे राहायचे.

डीटर म्हणाला, "तू आजारी पडलास तर टीमचं भागेल. स्मिता पडली तर क्लब बंद!"

*

चौथ्या सीझनची शेवटची मॅच. गुडघे कुरकुरायला लागले होते, पुढच्या वर्षी येणार नाही हे मी सांगून टाकलं होतं. नागपूरहून सासरे आले होते, ते स्मिताशेजारी बसले होते.

शेवटचं मिनिट. रेषा जेमतेम हातभर लांब, चेंडू तिच्यापलीकडे नेला की आम्ही जिंकणार. आणि मार्कुसचा पाय मुरगळला! डीटरने माझ्या पाठीवर थाप मारली. घाईत हेल्मेटचा पट्टाही लागेना. चेंडू मिळाला, मान खाली घातली आणि घुसलो. पुढचं मला आठवत नाही.

स्मिताने काढलेला व्हिडिओ आहे. त्यात मी दिसतच नाही, रेषेपलीकडे नुसता माणसांचा ढीग दिसतो. सासऱ्यांचा घाबराघुबरा आवाज येतो, "अगं, जावईबापू कुठायत?"

आणि स्मिता किंचाळते, "सगळ्यात खाली, बाबा! चेंडू त्याच्याकडेच आहे!"