नोला आँटी बर्फावर गेली तेव्हा

गावात बोलवा अशी होती, की नोला किर्बी हेलिकॉप्टरला घाबरते. रोज सकाळी ती हिमनदी बघायला आलेल्या पाहुण्यांना उड्डाणाआधी वजनकाट्यावर उभं करायची, "पोट आत ओढून वजन घटत नाही हो, सोडा श्वास!" म्हणायची, बुटांना खालून खिळे बांधून द्यायची आणि सगळे हिमनदीवर उडाले, की आपण चहाचा मग घेऊन खालीच बसायची.

घाबरते कसली! ऐन तारुण्यात ती दार काढलेल्या हेलिकॉप्टरात पाय बाहेर सोडून बसायची, खाली दोरीला शिकारीतली हरणं लोंबत असायची. दुखणं निराळं होतं. ती वाटाडी होती तेव्हा वायहो नदीच्या काठाकाठानं चालत गेलं, की समोर बर्फ. मग बर्फ मागे मागे सरला, पायवाट बंद झाली, उरली ती हवेतली वाट.

"ज्याच्या दारातून जन्मभर आत गेले, त्याच्या छपरावर उतरू?" ती म्हणायची. "मधे एकदा बर्फ आला होता की पुढे. येईल परत. तेव्हा जाईन चालत."

तो काही आला नाही. गुडघे मात्र गेले. आणि आता रविवारी मुलगी तिला ऑकलंडला नेणार होती, कायमची. तेव्हा नोला हेमीला म्हणाली, "एक जागा ठेव रे." हेमी तिच्याच हाताखाली तयार झालेला वाटाड्या.

"छपरावर, आँटी?"

"गप. बूट दे."

मी तिच्यासोबत बुटांच्या खोलीत कामाला. मी तिची नक्कल करते हे तिला ठाऊक होतं. आमच्या वेळी पाऊस असा, आमच्या वेळी पाव तसा. 'आमच्या वेळी'शिवाय तिचं तोंडच उघडायचं नाही. मी म्हटलं, "वर पाय ठेवलास की पहिलं तेच म्हणशील."

"लाव पैज. एकदाही नाही. हरलीस तर व्हाइटबेट मासळीचं ऑम्लेट, पावात घालून. वर लिंबू."

पंच हेमी.

गुरुवारी ढग. शुक्रवारी ढग. ती बूट चढवून खिडकीशी बसून राहिली. शनिवारी उघडलं.

वर बर्फात बुधवारी खोदलेल्या पायऱ्या वितळून बोथट झाल्या होत्या. तिनं नुसता हात पुढे केला, हेमीनं कुऱ्हाड दिली. टच, टच. मागे पाहुण्यांची रांग थांबलेली. पाऊल बसेल एवढी पायरी झाली, की ती एक चढायची, पुन्हा टच, टच. गुडघ्यांची आठवणही नव्हती.

कड्याशी आल्यावर एका पाहुण्यानं विचारलं, "पूर्वी बर्फ कुठवर होता?"

"सांग ना आँटी," हेमी डोळा मारून म्हणाला. लबाड!

खाली करडे धोंडे आणि नदी. नोलानं कुऱ्हाडीचं टोक उचललं. ते खाली गेलंच नाही. दरीच्या मधोमध, रिकाम्या हवेत थांबलं.

"तिथं? तिथं तर काहीच नाही."

तिनं मान डोलावली. तोंड उघडलं, मिटलं. मग पायाशी पडलेला बर्फाचा कपचा उचलून गालात धरला आणि तो विरघळेपर्यंत त्या हवेकडे बघत राहिली. परत येईस्तोवर अवाक्षर नाही, हेमी शपथेवर सांगतो.

संध्याकाळी मी ऑम्लेट घेऊन गेले, तर ती बुटांच्या खोलीत बसलेली, खिळे अजून पायातच.

"हरलीस," ती म्हणाली. "लिंबू कुठंय?"