मोठ्या पट्ट्या

सुपा धरणाच्या पाण्यात आमची बोट तोंड वर करून धावायची. पुढे बुडालेल्या झाडांचे शेंडे बाबांना दिसायचे नाहीत. म्हणून मागे ट्रिम टॅब, म्हणजे तोंड खाली आणणाऱ्या पोलादी पट्ट्या, बसवायच्या ठरल्या. मेकॅनिककाका बोटीशीच जास्त बोलत. मला बघून नुसती मान हलवत, तेच मला बरं वाटे.

"लहान पट्ट्या पुरेत की," बाबा म्हणाले.

"वेगात पुरतील, मालक. हळू नेली की तोंड परत वर येतंय. मोठ्याच घालूया."

"हळू कोण नेणार?"

"बघू की."

पहिल्याच फेरीत समोरचं पाणी स्वच्छ दिसलं. मध्यावर काकांनी चपला काढल्या.

"हितं जरा हळू, मालक. खाली आमचं देऊळ हाय."

काका आता येत नाहीत. तरी तिथे आलं की बाबा न सांगता वेग कमी करतात.