समुद्राचं गवत आणि जरीनाभाभीची परात

जरीनाभाभीच्या पोटात दुखत होतं आणि त्यावर पाथर्डीतल्या एकाही डॉक्टरकडे औषध नव्हतं.

आमची भिंत एक. एवढ्या जवळ राहिलं की शेजारणीच्या पातेल्यात काय शिजतंय आणि मनात काय शिजतंय, दोन्हीचा वास येतो. रमजानात घराघरांतून मशिदीत इफ्तारीला काहीबाही जातं. त्यात भाभीच्या चायना ग्रासची लोक वाट बघायचे. वाळकं पांढरं गवत भिजवायचं, उकळून विरघळवायचं, आटवलेल्या दुधात मिसळून परातीत थिजवायचं आणि वड्या पाडायच्या. स्टीलच्या परातीवर तिनं हौसेनं नाव कोरून घेतलं होतं: जरीना अलीम शेख.

यंदा भाभीच्या घरात सून आली. सिमरन, रत्नागिरीची. पहिल्याच रोज्याच्या इफ्तारीला वडी हातात धरून म्हणाली, "अम्मी, हे गवत नाही. आमच्या समुद्रातही असतं, तांबडं शेवाळ. ते उकळायचं, चीक गाळून वाळवायचा, मग असं पांढरं होतं."

"चायनाचंच गवत हाय ते," भाभी म्हणाली. "लग्न झाल्यापासून करते मी."

पण तिच्या नवऱ्यानं, अलीमभाईंनी, खाणं थांबवलं होतं. सिमरन सांगत होती, ओहोटीला खडक उघडे पडले की त्यांवर हे तांबडे झुपके दिसतात. माशांची पिल्लं त्यात दडतात, खेकडे खाली बसतात, गोगलगाई तेच चरतात. सगळं खरवडून नेलं की मासळी तिकडे फिरकत नाही, म्हणून तिची आजी म्हणायची, वरवरचं कापा, खडकाला धरलेलं राहू द्या. अलीमभाई नुसते "अच्छा? अच्छा?" करत होते. इतकी वर्षं वड्या गिळल्या, पण कशाच्या आहेत हे या माणसानं बायकोला कधी विचारलं नाही. समुद्र दाखवतो म्हणून नव्या नवरीला दिलेला शब्दही त्यांनी भंडारदऱ्याच्या धरणावर भागवला होता.

"मला धरन दाखवलं," भाभी भिंतीवरून मला म्हणाली, "आन् ही अख्खा समुद्र घेऊन घरात आली."

रमजानच्या शेवटच्या शुक्रवारी अलीमभाई म्हणाले, "आज परात दुल्हनला करू दे." भाभीच्या अंगाचा तिळपापड झाला. तोंडानं मात्र म्हणाली, "करू दे की."

दुपारी माझ्या अंगणात कोंबड्या कशावर तरी तुटून पडल्या. बघते तर भिजलेल्या चायना ग्रासचा लगदा! पलीकडे भाभीचा पदर दिसला नि लपला. सून नमाजाला बसलेली बघून हिनं पातेल्यातलं निम्मं उपसून इकडे फेकलं होतं. या बाईला काय म्हणावं! थोड्या वेळानं सिमरन वेलदोडे मागायला आली. तिनं कोंबड्यांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि वेलदोडे घेऊन गेली.

संध्याकाळपर्यंत दूध थिजलं नाही. होईल घट्ट, म्हणून अलीमभाईंनी परात मशिदीत तशीच नेली आणि तशीच भरलेली परत आणली. मी भिंतीशीच होते.

"काय म्हनले लोक?" भाभीच्या आवाजात आनंद मावत नव्हता. "नव्या सुनेचं नाव निघालं असंल."

"तिचं कशाला निघंल? परातीवर तुझं नाव हाय. समदे म्हनले, जरीनाभाभीचा हात गेला आता."

मग सिमरन म्हणाली, "अब्बा, आज मी केलं होतं. गवत माझ्याच हातून कमी पडलं. उद्या सगळ्यांना तसं सांगा."

दुसऱ्या दिवशी भाभी भिंतीशी आली. डोळे सुजलेले, पण फणकारा कायम.

"चांगुलपनातबी मलाच मागं टाकलं बघ तिनं. रात्रभर जळत हुते मी." मग म्हणाली, "रत्नागिरीला यष्टी कुठून सुटती गं? काय एवढं हाय त्या समुद्रात, मला बघायचंय."

"भाईंना घेऊन जाणार?"

"त्यांना कशाला? त्यांनी बघितलंय की धरन," भाभी म्हणाली. "दुल्हनला घेऊन."