मेट्रनच्या फोटोला हार

मेलबर्नपासून पाच तासांवरचं आमचं गाव म्हणजे आपल्याकडचं तालुक्याचं ठिकाण समजा. कौन्सिलची कचेरी, कोर्ट, छोटं हॉस्पिटल आणि मी, एकुलता एक डॉक्टर. गावाच्या वर्धापनदिनाला टाउन हॉलमध्ये नऊ नामवंतांचे फोटो लावायचे ठरले आणि उद्घाटनाला मला बोलावलं. पहिली पिठाची गिरणी काढणारा, पुरात लोकांना होडीतून बाहेर काढणारा पोस्टमास्तर, अशी मंडळी. सगळे कधीच गेलेले, असं मी धरून चाललो. यादी नीट वाचलीच नाही.

आपल्याकडे फोटोला हार घातल्याशिवाय कुठला कार्यक्रम सुरू होतो? मी परसातला सगळा झेंडू खुडून नऊ हार ओवले. बायको म्हणाली, "अरे, त्यांना विचारलंस तरी का? इट्स देअर फंक्शन." मी ऐकतोय कसला!

शनिवारी एकेक हार घालत गेलो. टाळ्या पडत होत्या. नववा फोटो पांढऱ्या टोपीतल्या तरुण नर्सचा, कृष्णधवल. हार घातला, खालची पाटी वाचली आणि झटकन मागे वळून बघितलं. ती आमच्या हॉस्पिटलची जुनी मेट्रन होती, माझी पेशंट. पहिल्या रांगेत बसून कौतुकाने टाळ्या वाजवत होती.

जिवंत माणसाच्या फोटोला हार! त्यातून तिच्या स्कॅनचा रिपोर्ट शुक्रवारीच माझ्याकडे आलेला. वाईट होता, सोमवारी सांगायचा होता. हार काढावा तर सगळ्यांदेखत कारण काय देणार? ठेवावा तर बघवेना. झेंडूने कुणी मरत नाही हे मला डॉक्टर म्हणून पक्कं ठाऊक आहे, तरी नजर पुन्हा पुन्हा त्या हाराकडेच जात होती. भाषणात मी पोस्टमास्तरला गिरणी देऊन टाकली.

घरी बायको म्हणाली, "त्यांच्यात तसला अर्थ नसतो रे, रिलॅक्स." त्यांच्यात नसेल, पण मला तो माहीत होता त्याचं काय? मेट्रनची माफी मागू की गप्प बसू, रविवारभर ठरेना.

सोमवारी ती आली, काठी टेकवून बसली. मी तोंड उघडायच्या आत म्हणाली, "नो वरीज, डॉक्टर. मला शनिवारीच कळलं. माझ्या फोटोपाशी तुझा चेहरा बघितला ना. चाळीस वर्षं मी डॉक्टरांचे चेहरेच वाचलेत."

मी आणखीच गोंधळलो. चेहरा हारामुळे पडला होता की रिपोर्टमुळे, मलाच सांगता येईना. शेवटी दोन्ही सांगून टाकलं. आधी रिपोर्ट, मग आमच्याकडे हार कुणाच्या फोटोला घालतात ते.

तिने खुर्ची जरा पुढे ओढली. मग माझ्या हातावर हात ठेवून म्हणाली, "म्हणजे तू जरा लवकर घातलास, एवढंच. राहू दे तो. बाकीच्या आठ जणांना कुठे बघायला मिळाला?"