काउंटरवरचा घाऊक भाव

माझं शुद्धलेखन चुकतं आणि अक्षरही वाकडं येतं. चौथीनंतर पेन हातात आलं ते पगाराच्या सहीपुरतं. कोणी वाचलंच तर सांभाळून घ्यावं.

साकीनाक्याच्या एका गाळ्यात मी नट-बोल्टच्या पॅकिंगला आहे. मुलगी वेबसाइटची कामं शिकली, तेव्हा शेठना कसंबसं विचारून मीच तिला भावाच्या पानाचं काम मिळवून दिलं. हिशेबाच्या प्रोग्राममधून एक्सएमएलची फाइल निघायची, म्हणजे प्रत्येक मालाचा आधी किरकोळ, मग घाऊक भाव अशी ओळीओळीची यादी. तिच्यातले भाव मुलीचं जावास्क्रिप्ट, म्हणजे तिने लिहिलेला प्रोग्राम, वाचायचं आणि पडद्यावर मांडायचं. ते बघून काउंटरवर बिल व्हायचं.

पुढच्या महिन्यात शेठनी मला केबिनमध्ये बोलावलं. किरकोळ गिऱ्हाइकांना घाऊक भावात माल गेला होता.

"तुझ्या पोरीने माझी वाट लावली," एवढंच म्हणाले. मी बाहेर आल्यावर शेजारची पॅकिंगवाली म्हणाली, "काय गं कॉम्प्युटरवालीची आई, आता फुकटच वाटायचा का माल?"

घरी, घाटकोपरला, मुलीने लॅपटॉप उघडून दाखवला. "आई, बघ ना, माझ्याकडे बरोबर दिसतंय." ती रडकुंडीला आली होती. तिला काउंटरच्या कॉम्प्युटरवर बसून बघायचं होतं, आणि ते विचारायचं मी. कितीदा तरी केबिनच्या दारापर्यंत जाऊन परत आले. शेवटी चहाच्या वेळी आत शिरले.

"शेठ, तिला एकदा तुमच्या मशीनवर बसू द्या."

तिथे फार जुना ब्राउझर होता. मुलीचा प्रोग्राम ओळी मोजत भावापर्यंत जायचा, आणि फाइलमध्ये दोन ओळींच्या मध्ये मोकळी जागा असते. मुलीचा ब्राउझर तीही मोजतो, जुना मोजत नाही. ती धरून मुलीने जितकं मोजलं होतं, तितकंच जुन्यात मोजलं की किरकोळ भाव मागे राहायचा आणि पुढचा घाऊक हाती लागायचा. तिने मोजणंच काढून टाकलं. भाव त्याच्या नावाने शोधायला लावला. मग दोन्हीकडे सारखं दिसू लागलं.

शेठ म्हणाले, "आता बरोबर आहे. पण गेलेलं कोण भरणार?"

माझ्या पगारातून दर महिन्याला थोडं कापायचं ठरलं. मुलगी घरी जेवली नाही. चूक तिची आणि पगार माझा का, हेच बोलत राहिली. नंतर तिने लहानसहान कामं धरली. काम गिऱ्हाइकाला देण्याआधी आता शेजाऱ्यांचे फोनसुद्धा मागून आणते आणि त्यांवर पान उघडून बघते.

शेवटचा हप्ता तिने माझ्या पगारातून जाऊ दिला नाही. स्वतः गाळ्यात आली आणि पैसे टेबलावर ठेवले. शेठनी मोजले.

"फिटलं," म्हणाले.