शेपूट लावायचा खेळ

"शी केम ऑन अ कोटा," वहिनी म्हणाल्या आणि माझ्याकडे बोट दाखवलं.

माझ्या शेजारी केतकी. पाळी तिची होती.

"डिडन्ट शी?" केतकी म्हणाली.

"करेक्ट!"

सगळे हसले. मीही हसले बहुतेक. नक्की आठवत नाही. तोंडात चिवडा होता, तो चावत राहिले.

दर शनिवारी दुपारी ओंगारला, या परक्या देशातल्या एका उपनगरात, वहिनींच्या घरी आम्ही मराठी मंडळी जमायचो. वहिनी पुण्यात कॉन्व्हेंटमध्ये इंग्रजी शिकवायच्या. नवरा इथल्या सरकारी हॉस्पिटलात डॉक्टर. नव्याने आलेल्यांचं इंग्रजी सुधारायचं वहिनींनी मनावर घेतलं होतं. त्या वाक्य टाकणार, पुढच्याने त्याला प्रश्नाचं शेपूट लावायचं. डिडन्ट शी, इझन्ट ही, कॅन दे. मराठीत एका 'ना'वर भागतं. इंग्रजीत प्रत्येक वाक्याला त्याच्या मापाचं शेपूट लागतं. मी सरसकट 'इझन्ट इट' लावायची. जिल्हा परिषदेच्या शाळेतली पोर, दुसरं काय लावणार!

वाक्यं समोर बसलेल्यांवरच करायची, म्हणजे मजा येते, असं वहिनींचं म्हणणं. कोणी नवं घर घेतलं, कोणाला भात लावता येत नाही. माझ्यावर करायला त्यांच्याकडे कोटा एवढंच होतं. पहिल्याच दिवशी त्यांनी माझं आडनाव विचारलं. मग गाव. मग स्कॉलरशिप कुठली. झालं त्यांचं काम. त्यानंतर माझ्याशी फार गोड बोलायला लागल्या.

पुढची पाळी माझी.

"वी हॅव ऑल हेल्प्ड हर," वहिनी म्हणाल्या. हर म्हणजे मी.

मी मनात जुळवाजुळव केली. हॅव आहे, म्हणजे हॅवन्ट. वी आहे, म्हणजे वी.

"हॅवन्ट वी?"

वहिनींनी टाळ्या वाजवल्या. पहिल्यांदाच माझं बरोबर आलं होतं.

क्लोनसिला स्टेशनवरून ट्रेनने माझ्या युनिव्हर्सिटीच्या गावी, मेनूथला, परत आलो. केतकी आणि मी एकाच घरात राहतो. "मस्त झालं ना आज?" ती म्हणाली. मी हो म्हणाले. घरी येऊन प्रेसमधून, इथे कपाटाला प्रेस म्हणतात, कप काढला आणि तो हातात धरून ओट्यापाशी उभी राहिले. राग यायला हवा होता. आला नाही. काहीच आलं नाही.

तरी मी जाणं सोडणार नव्हते. युनिव्हर्सिटीत पहिल्या वर्षाच्या मुलांचे वर्ग मला शिकवायला मिळणार होते, तेही इंग्रजीत. पण ते एक कारण झालं. खरं म्हणजे मला मराठी माणसं हवी होती. आठवडाभर "जेवलीस का?" असं कोणी विचारत नव्हतं. तिथे विचारायचे. तेवढ्यासाठी मी बाकीचं गिळत होते.

बुधवारी आईचा फोन आला.

"तिथली आपली लोकं बरी हायेत ना गं?"

हो तोंडाशी आला आणि अडकला. रेंज नाही असं सांगून मी फोन ठेवला. आईने विचारलं, कारण तिला उत्तर हवं होतं. वहिनींना उत्तर नको होतं. त्यांनी ठरवून टाकलेल्या गोष्टीला होकार हवा होता, आणि तो माझ्याच तोंडून. मी तो देऊन वर टाळ्या घेतल्या होत्या. मला शिसारी आली. निदान काहीतरी आलं.

शनिवारी गेले.

"दीज पीपल गेट एव्हरीथिंग ईझिली," वहिनी म्हणाल्या. पाळी माझी.

"नाही लावणार," मी म्हणाले.

"अगं, चुकलं तर चुकलं. आपणच तर आहोत."

"येतंय मला. डोन्ट दे. वाक्य खोटं आहे, म्हणून लावणार नाही."

"नुसतं ग्रामर आहे गं ते! किती मनाला लावून घेतेस!"

"मग एक तुमच्यावर करा. तुमच्या घराण्याला न मागता काय काय मिळालं, त्यावर. लगेच लावते."

वहिनींचा चेहरा उतरला. वाक्य कोणी केलं नाही. केतकी मोबाइलमध्ये बघत होती. डॉक्टर उठले. "ग्रँड, ग्रँड. चहा टाकतो मी," म्हणाले. इथले लोक 'ठीक आहे'ला ग्रँड म्हणतात. मी जॅकेट घातलं. दारापर्यंत कोणी आलं नाही.

आता शनिवार रिकामे जातात. केतकी घरात कामापुरतं बोलते. त्रास होतो, खोटं कशाला बोलू.

वर्ग मिळाला. मुलांसमोर माझं इंग्रजी अजून ठेचकाळतं. पहिल्याच तासाला एकाने विचारलं, कुठून आलात. मी गावाचं नाव सांगितलं. आमची वस्ती गावाबाहेर आहे, हे सांगितलं. ती बाहेर कोणी ठेवली, तेही सांगितलं. वर्ग चिडीचूप झाला. होऊ दे.

मी कोण, हे यापुढे मी सांगणार. विचारलं तरी सांगणार, नाही विचारलं तरी सांगणार. ते ऐकून ज्याला उठून जायचंय, त्याने जावं. मी उठणार नाही.