मी मुद्दाम बोथट केलेला चाकू

मागच्या रविवारी सकाळी, हिंगोलीत आमच्या स्वयंपाकघरात, मला माझी एक चूक कबूल करावी लागली. आणि तीही सासऱ्यांपुढे! लिहायला लाज वाटतेय, पण लिहितेच...

सासऱ्यांना मी मामा म्हणते. अख्खं आयुष्य गोरेगावच्या शिवारात मेंढरांमागे गेलं त्यांचं. मागच्या वर्षी हात थरथरायला लागले, तेव्हा मेंढरं पुतण्याच्या हवाली केली आणि ते आमच्याकडे राहायला आले.

आता शहरातल्या तीन खोल्यांच्या घरात त्यांनी करायचं काय? चार दिवस अंगणात बसून कंटाळले. पाचव्या दिवशी ओट्यापाशी येऊन म्हणाले, "आन त्या भेंड्या इकडं." तेव्हापासून सकाळची भाजी चिरायचं काम त्यांचं. मी शिक्षिका, शाळा सकाळची, त्यामुळे मला तर ते सोन्याहून पिवळं झालं.

पण एकदा ते चहाची वाट बघत बसले होते. उजवा हात मांडीवर, आणि बोटं नुसती थडथड हलत होती... याच हातात मी रोज धारदार चाकू देते?

चाकू काढून घेतला असता तर त्यांना वाईट वाटलं असतं. म्हणून मी अक्कल पाजळली. ते मारुतीला गेले होते तेव्हा मागच्या दारातल्या खरबरीत पायरीवर पातं उभं धरून खसाखसा घासलं. पार बोथट! म्हटलं, आता खुशाल चिरा, बोट कापायची भीतीच नको. काय खूश होते मी स्वतःवर, विचारू नका.

तिसऱ्याच दिवशी मामांचा अंगठा कापला.

टोमॅटो चिरत होते. चाकू सालीत शिरेना, तेव्हा आपल्याच हातात बळ उरलं नाही असं समजून त्यांनी जोर लावला, आणि पातं घसरून थेट डाव्या अंगठ्यात. दोन टाके पडले. घरी आल्यावर एवढंच म्हणाले, "हात गेले माय माझे. आता न्हाई जमत."

दुसऱ्या दिवसापासून ओट्याकडे फिरकले नाहीत. दाढीसुद्धा करेनात. चहाचा कप दोन्ही हातांनी भीत भीत धरायचे, आणि मी बघतेय असं दिसलं की खाली ठेवायचे.

आणि मला सगळं ठाऊक होतं हो! टाके पडत होते तेव्हाच कळलं होतं की हा प्रताप माझा. पण तोंड उघडेना... वर्गात पोरांकडून चुका कबूल करून घेणारी मी, घरात आठ दिवस गप्प. वर पुन्हा "मामा, तुम्ही आराम करा" हे आहेच.

शनिवारी टाके निघाले आणि रविवारी मामांनी पिशवी भरायला घेतली. नवऱ्याला म्हणाले, "मला गोरेगावच्या गाडीत बसवून दे. इथं तुमाला तकलीफ काहून? तिकडं पडून राहीन एका कोपऱ्यात."

मग पिशवीतून एक दगड काढून माझ्यापुढे ठेवला. तळहाताएवढा, मधोमध झिजलेला. मेंढरांची लोकर कातरायच्या कातरीला ते याच दगडावर धार लावायचे. "तुला ठेव," म्हणाले. "माझ्या काय कामाचा आता?"

तेव्हा मात्र माझा बांध फुटला. पायरीपासून टाक्यांपर्यंत सगळं सांगून टाकलं, रडत रडत. नवरा तर आ वासून बघत होता.

मला वाटलं, आता मामा चिडणार. चिडायलाच पाहिजे होतं... पण त्यांनी हळूच विचारलं, "म्हंजे, माझा हात न्हाई चुकला?"

"नाही मामा."

"बराबर सांगून राहिली ना?"

"देवाशप्पथ मामा. चाकू मीच बिघडवला."

त्यांनी दोन्ही हात पुढे धरून उलटसुलट करून बघितले. मग म्हणाले, "येडी का खुळी तू! बोथट कातरीनं मेंढरू जखमी व्हतं, धारेनं न्हाई. आन तो चाकू."

दगडावर पाणी मारलं, पातं जरासं तिरकं टेकवलं आणि घासायला लागले. मी त्यांच्या हाताकडे बघत होते. रिकामा होता तोवर थरथरत होता, आणि कामाला लागला तसा शांत झाला... इतके महिने त्यांनी माझ्यासमोर भाजी चिरली, पण मी तो हात नीट बघितला तो फक्त रिकामा असताना.

नंतर मलाही बसवलं. तिरकेपणा शेवटपर्यंत तोच ठेवायचा, दुसऱ्या बाजूला बोटाला बारीक खरखर लागली की पातं पलटायचं. मी जोर लावला की लगेच, "भांडण हाय का तुझं त्याच्यासंगं?" शेवटी जुन्या चामड्याच्या वहाणेवर पातं माघारी ओढत चार हात फिरवले. मी स्टीलच्या ताटात कांदा चिरते यावरूनही बोलणी बसली. "लाकडी पाट घे, न्हाईतर कशी राहील धार!"

मग त्यांनी टोमॅटो घेतला. पातं नुसतं टेकवलं आणि ते आत उतरलं. पिशवीतले कपडे मी पुन्हा कपाटात लावले.

आता सकाळी मामा परत ओट्यापाशी असतात. मी शेजारी उभी राहून पहारा देत नाही. मला चिंता वाटते, अजूनही वाटते, पण ती माझी मी सांभाळते.

चाकूची घालवलेली धार अर्ध्या तासात परत आली. पण आपले हात गेले असं समजून मामांनी काढलेले ते आठ दिवस... ते मी त्यांना कुठून आणून देऊ?